आर्चटॉप गिटारची केस घ्यायची तर आधी गिटार टेकते कुठे ते बघा

मागच्या महिन्यात अमळनेरहून एका पोराचा फोन आला, भाऊ मुंबईहून सेकंडहँड आर्चटॉप आणली, घरी जुन्या अकॉस्टिकची बॅग पडलेलीये, थोडी दाबली की त्यात बसते, चालेल ना? म्हटलं थोडी दाबली म्हणजे कुठे दाबली? तर म्हणे चेन लागत नव्हती म्हणून मधोमध हाताने दाबून धरली आणि लावली. मधोमध म्हणजे बरोब्बर ब्रिजवर, ज्या लाकडी पट्टीवर तारा टेकतात तिच्यावर. म्हटलं भो, आधी चेन उघड, मग बोलू.

तो फोन पाऊण तास चालला. त्यात जे सांगितलं तेच इथे लिहून काढतोय, कारण आपल्याकडे जळगाव-धुळ्याकडे आर्चटॉप वाजवणारे बोटावर मोजण्याइतके, आणि दुकानात केस मागायला गेलं तर दुकानदार साध्या गिटारची केस पुढे सरकवतो आणि म्हणतो सगळ्या सारख्याच असतात हो. नसतात ना पण.

साधी अकॉस्टिक वरून-खालून सपाट, डब्यासारखी. आर्चटॉपचं पोट आणि पाठ दोन्ही फुगीर, व्हायोलिनसारखी. ही अमेरिकेतली गोष्ट, मिशिगनमधल्या कॅलामाझू गावात ऑर्व्हिल गिब्सन नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी जाड लाकूड कोरून असे फुगीर टॉप करायला घेतले, मग त्याच्या नावाच्या कंपनीने १९२२ मध्ये एल-५ काढली, तिला व्हायोलिनसारखी एफ आकाराची भोकं होती, आणि पुढे ही जॅझवाल्यांची गिटार होऊन बसली. १९३६ ला पिकअप लावलेली, म्हणजे इलेक्ट्रिक, ईएस-१५० आली, १९५८ ला ईएस-३३५. ही ३३५ पातळ असते आणि पोटात मधोमध लाकडाचा ठोकळा असतो. वरून फुगीर म्हणून तिलाही लोक आर्चटॉप म्हणतात, म्हणू देत, पण केस घेताना ती वेगळी जात धरायची, तिची केस जाड आर्चटॉपला होत नाही आणि जाडीची केस तिला ढगळ होते.

आता मुद्द्याचं. केस म्हटलं की सगळे जाडी विचारतात, किती मिलिमीटरचं फोम, प्लायवूड किती पदरी. ते नंतर. आधी हे बघायचं की आत ठेवल्यावर गिटार कुठे टेकते आणि कुठे टेकत नाही. आर्चटॉपमध्ये तीन जागा अशा आहेत की तिथे चुकलं तर जाड फोम उलट नुकसान करतो.

पहिली जागा ब्रिज. साध्या अकॉस्टिकचा ब्रिज टॉपला चिकटवलेला असतो. आर्चटॉपचा बहुतेक वेळा नुसता उभा असतो, तारांच्या दाबावर, तारा सैल केल्या की हातात येतो. आणि तो उंच असतो, फुगीर टॉपच्याही वर साधारण इंचभर. म्हणजे झाकण खाली आलं की सगळ्यात आधी कोणाला भेटणार, तर ब्रिजला. कमान तारांचा दाब सहन करायलाच बनवलेली असते हे खरं, पण तो दाब हिशोबातला असतो, त्यावर झाकणाचा दाब, झाकणावर कोणाची तरी बॅग, बॅगेवर कोणीतरी बसलेलं, हे हिशोबात नसतं. शिवाय दाब सरळ येत नाही, तिरका येतो, आणि तिरका आला की ब्रिज सरकतो, पॉलिशवर ओरखडा जातो तो जातोच आणि सूर पण बिघडतो, खालच्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) बरोबर वाजतं आणि वर गेलं की बेसूर. म्हणून आर्चटॉपच्या चांगल्या केसचं झाकण पण फुगीर असतं. बिग्सबीसारखा हलता टेलपीस (तारांचं मागचं टोक अडकवायचा भाग) लावलेला असेल तर त्याची उंची अजून वेगळी मोजावी लागते, त्याचा दांडा ब्रिजच्या मागे चांगला वर आलेला असतो.

दुसरी जागा हेडस्टॉक, म्हणजे डोकं, जिथे खुंट्या असतात. ब्रिज उंच, म्हणून तारा उंच, म्हणून मान मागे झुकवून बसवलेली असते. त्यात डोकं पुन्हा वेगळं मागे कललेलं, गिब्सनच्या जुन्या पद्धतीत १७ अंश. दोन्ही मिळून डोकं पाठीच्या रेषेपर्यंत किंवा त्याच्याही खाली जातं. सपाट गिटारच्या केसमध्ये अशी गिटार ठेवली की बॉडी नीट टेकायच्या आधी डोक्याचं टोक तळाला लागतं आणि तुम्हाला वाटतं वा, काय फिट बसली.

आता ही केस पाठीवर पडली तर काय होतं बघा. बॉडी थांबते. डोक्यावर सहा ट्यूनरचं लोखंड, ते लगेच थांबत नाही. एसटीत डुलकी लागलेली असते आणि ड्रायव्हर स्पीडब्रेकरवर कचकन ब्रेक मारतो तेव्हा आपली मान कशी जाते, तसं. आणि नटच्या, म्हणजे मान आणि डोकं मिळतात तिथल्या तारांच्या पट्टीच्या, मागेच मान सगळ्यात बारीक असते, बऱ्याच गिटारींना तिथेच ट्रसरॉडसाठी, मानेतल्या लोखंडी सळईसाठी, लाकूड कोरून काढलेलं असतं, आणि डोकं कललेलं असल्यामुळे लाकडाचे रेषे तिथे तिरके तुटक येतात. कुऱ्हाडीने लाकूड फोडणाऱ्याला विचारा, रेषा तिरकी आली की घाव कमी लागतो. म्हणून मानेला आधार पाहिजे तो पहिल्या-दुसऱ्या फ्रेटखाली, नटच्या जवळ, आणि डोक्याच्या मागे मोकळी जागा पाहिजे. बऱ्याच स्वस्त केसमध्ये मानेची उशी पार बॉडीजवळ असते आणि पुढची मान-डोकं लोंबतं. हार्डकेस म्हणजे सेफ असं समजून बसणाऱ्यांच्या गिटारी इथेच तुटतात, बाहेरून केसला टवका पण नाही आणि आत डोकं वेगळं.

तिसरी जागा पाठ. कढई ओट्यावर ठेवली की डुगडुगते ना, तशी फुगीर पाठीची गिटार सपाट तळावर डुगडुगते. सगळं वजन मधल्या एका टेकावर. तळ खोलगट पाहिजे, आणि खरं म्हणजे गिटार धरली गेली पाहिजे कडेने, कंबर आणि खालचा घेर जिथे बाजूच्या फळीला मिळतो तिथे, ती तिची मजबूत जागा. रावेर-यावलकडे केळीची गाडी भरताना बघा, घड दांड्याला धरून उचलतात, फण्यांना कोणी दाबत नाही. तसंच आहे हे.

मग दुकानात किंवा घरी तपासायचं कसं? ह्याला लय सोपी युक्ती आहे आणि फुकट आहे. कणीक घ्या, पोळीला मळतो तशी घट्टसर. कळण्याचं पीठ नका घेऊ, ते आकार धरत नाही, भुगा होईल आत. लिंबाएवढे दोन गोळे, प्रत्येक गोळा प्लास्टिकच्या पिशवीच्या तुकड्यात नीट गुंडाळायचा, म्हणजे पॉलिशला ओल लागणार नाही. एक गोळा ब्रिजच्या वर, तारांवर ठेवायचा, दुसरा डोक्याच्या टोकाखाली. झाकण हळू बंद करायचं, कडी लावायची, मग उघडून बघायचं. गोळा दबून जेवढा राहिला तेवढी तुमच्याकडे हवा. बोटभर जाड राहिला तर ठीक. कागदासारखा झाला तर ती केस तुमच्या गिटारची नाही, दुकानदार कितीही म्हणो. मग गोळे काढून केस बंद करून उभी धरायची आणि हळूच डावी-उजवी हलवायची, आतून ठक असा आवाज आला तर बाजूने ढिली आहे. ढिली असली तर एवढं रडू नका, बाजूने फोमची पट्टी भरता येते. तयार केसची उंची कमी पडली तर मात्र काही करता येत नाही.

ऑनलाइन घेणार असाल तर माप आधी काढावं लागतं आणि इथे निम्मे लोक चुकतात. शिंप्याची टेप फुगीर पोटावरून फिरवली की माप जास्त येतं. त्यापेक्षा जमिनीवर दोन जुने पेपर जोडून पसरा, त्यावर गिटार पाठीवर ठेवा, पेन्सिल उभी धरून भोवतीने रेघ मारा, मग त्या रेघेवर मोजा. खालचा घेर, कंबर, वरचा घेर (तिन्हींची आडवी रुंदी), बॉडीची लांबी, एकूण लांबी. जाडी दोनदा मोजायची, एकदा बाजूच्या फळीची आणि एकदा पाठीच्या टेकापासून ब्रिजच्या माथ्यापर्यंत, सुताराचा गुण्या असला तर उत्तम. केस विकणारे बहुतेक फक्त फळीची जाडी लिहितात. खालचा घेर साधारण १६ इंच, मोठ्यांचा १७, आणि गिब्सनची सुपर ४०० तर १८ इंचाची. ३३५ पण १६ इंचच, पण जाडी पावणेदोन इंचाच्या आसपास, आणि पूर्ण जाडीच्या जुन्या आर्चटॉपची फळी सव्वातीन-साडेतीन इंच. म्हणून नुसतं १६ इंच बघून ऑर्डर मारली की पस्तावता. अमळनेरच्या भावाची बॅग ड्रेडनॉटची, त्या नेहमीच्या मोठ्या अकॉस्टिकची, म्हणजे घेर १६ पेक्षा थोडा कमीच, तिथेच अडकली होती.

१७ इंचवाले कधीकधी जंबो अकॉस्टिकची केस घेतात, घेर जुळतो आणि खोली पण भरपूर असते. चालू शकतं, पण मग तळाला कडेने फोमच्या पट्ट्या देऊन बॉडी वर उचलावी लागते, तेव्हा कुठे डोकं हवेत येतं. खोली भरपूर असल्यामुळे एवढं उचललं तरी झाकण ब्रिजला लागत नाही. कणकेचे गोळे सांगतील.

प्रकार चार धरा. मऊ गिगबॅग, हलकी, पाठीला लावून गाडीवर जाता येतं, क्लासला जायला-यायला ठीक, पण तिला स्वतःचा आकार नाही म्हणजे वरून आलेला दाब सरळ गिटारला. चांगल्या महागड्या बॅगांमध्ये मान धरणारा वेगळा ठोकळा असतो, तो असेल तर विचार करा. दुसरी फोमची अर्धी कडक केस, वरून कापड आत दाबलेला फोम, दोन-अडीच-तीन किलो. तिसरी प्लायवूडची हार्डकेस, पाच-सहा किलोपर्यंत जाते, म्हणजे गिटार धरून आठ-नऊ किलो एका हाताला, स्टेशनचा जिना चढताना कळतं. चौथी प्लास्टिक किंवा फायबरग्लासची मोल्डेड. इंग्लंडची हिस्कॉक्स, फायबरग्लासवाली कॅल्टन ही नावं नेहमी ऐकू येतात, चांगल्याच आहेत, पण इथे मागवायच्या तर कुरियर आणि कस्टम ड्यूटी केसपेक्षा जास्त झोंबते.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक आर्चटॉप लॅमिनेटच्या असतात, म्हणजे पातळ पदर चिकटवून दाबून फुगीर केलेल्या, कोरलेल्या नाहीत. त्या टणक असतात. अशा गिटारला शहरातल्या शहरात वापरायला चांगली अर्धी कडक फोमची केस पुरते, त्यावर हार्डकेसचा खर्च नको. कोरीव टॉपची असेल, जुनी असेल, किंवा रेल्वे-ट्रॅव्हल्सने नेहमी जाणं असेल, तर मात्र हार्डकेसच. फ्लाइटकेस म्हणून ते ॲल्युमिनियमच्या कोपऱ्यांचे पेटारे मिळतात, ते टेम्पोतून साऊंड नेणाऱ्यांसाठी, एकट्या माणसाने त्याच्या नादी लागू नये.

आता आपल्या भागाचं खास दुखणं, ऊन. जळगाव-भुसावळला मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो हे कोणाला सांगायला नको. बंद गाडीत काच लावून ठेवली की आत ६० अंशाच्या वर सहज जातं. गिटार जोडायच्या डिंकाचे जे नेहमीचे प्रकार आहेत, जुना प्राण्यांच्या कातडीचा सरस असो की पांढरा-पिवळा लाकडाचा गोंद, ते साधारण ह्याच तापमानात मऊ व्हायला लागतात, आणि वर तारांचा ताण तर चोवीस तास चालू. मग मान उठते, मधला जोड उघडतो, कडेची बाइंडिंगची पट्टी सुटते. कोणतीही केस उष्णता थांबवत नाही, फक्त उशिरा पोचवते. जाड हार्डकेस तासभर उशिरा पोचवेल, पातळ बॅग दहा मिनिटं. त्यात केस काळी. सगळ्या कंपन्यांना काळाच रंग का आवडतो देव जाणे. मी उन्हाळ्यात केसवर जुनी पांढरी चादर गुंडाळतो, लोक हसतात, बाजारात कापूस विकायला चाललास का विचारतात, हसू देत.

उलटं पण आहे. एसी डब्यातून उतरून दुपारच्या प्लॅटफॉर्मवर आलात, घरी पोचलात, की लगेच केस उघडू नका. अर्धा-पाऊण तास बंदच राहू द्या, आतलं हळूहळू बाहेरच्यासारखं होऊ द्या. एकदम बदल झाला की पॉलिशला बारीक तडे जातात.

ओलावा-कोरडेपणा हा अजून एक विषय. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपला उन्हाळा त्याच्या कितीतरी खाली आणि श्रावण कितीतरी वर. त्यात घरोघरी कूलर. कूलरसमोर गिटार स्टँडवर ठेवणारे मी डोळ्याने बघितलेत, सकाळी ओली हवा, दुपारी लाइट गेली की भट्टी. त्यापेक्षा केस बंद करून कूलरच्या वाऱ्यापासून लांब, आतल्या भिंतीला ठेवा, बाहेरच्या भिंतीला नको, ती तापते. केसमध्ये एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर टाका. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या. स्पंजातून एक थेंब सुद्धा गळता कामा नये, एफ होलमधून आत पाणी गेलं तर डोक्याला ताप. आणि ह्या सगळ्याचा उपयोग केसचं झाकण नीट घट्ट बसत असेल तरच, फट असली तर बाहेर जे आहे तेच आत.

प्रवासाचं माझ्या स्वतःच्या पायाला ठेच लागलेली आहे म्हणून सांगतो. पुण्याहून येताना एका ट्रॅव्हल्सच्या डिकीत बॅग टाकली, क्लीनर म्हणाला काही होत नाही साहेब. डिकी मागच्या इंजिनाजवळची, पाय ठेवला तर चटका. बॅगेवर कोणाच्या तरी लग्नाची भांडी. सकाळी आकाशवाणी चौकात उतरलो तेव्हा ब्रिज बॉडीवर आडवा पडलेला आणि टॉपवर हातभर ओरखडा. तेव्हापासून डिकी बंद. एसटीत असो की रेल्वेत, गिटार माझ्याजवळ. रेल्वेत वरचा बर्थ घ्यायचा, गिटार पायाशी नाही तर भिंतीकडे. खालच्या बर्थखाली ठेवायची वेळ आली तर फक्त हार्डकेस, कारण रात्री भुसावळला चढणारा माणूस आपली लोखंडी पेटी लाथेने आत सारतो, त्याला काय माहीत आत काय आहे. विमानात इकॉनॉमीला केबिन बॅग साधारण ७ किलोची आणि ५५ सेंटीमीटर लांबीची, गिटार एक मीटरच्या वर, म्हणजे एकतर वेगळी सीट काढा नाही तर लगेजला टाका, आणि लगेजला टाकायची तर डोक्याच्या दोन्ही बाजूला मऊ कापड ठासून, खाली-वर हलणार नाही असं.

प्रवासात तारा सगळ्या सैल करू नका. साध्या गिटारला चालतं, इथे ब्रिज पडतो. एखाद-दोन सूर उतरवायच्या, ब्रिज जागेवर राहील एवढा ताण ठेवायचा, आणि टेलपीसखाली मऊ सुती फडकं सरकवायचं. आणि केसमध्ये पट्टा गिटारखाली ठेवू नका, त्याच्या बकलचा पाठीला खड्डा पडतो. कॅपो, ट्यूनर मोकळे टाकू नका. हे सांगायला नको पण सांगतो.

केस बघताना हँडल ओढून बघा. झाकणापेक्षा, कडीपेक्षा आधी हँडल तुटतं. स्क्रूपेक्षा रिव्हेट बरे आणि आत पट्टी दिलेली असेल तर अजून बरं.

अजून एक रस्ता आहे जो इंटरनेटवर कोणी सांगत नाही. आपल्याकडे हार्मोनियमला लाकडी खोका करून देणारे सुतार अजून आहेत, भजनी मंडळांमुळे टिकलेत. त्यांना तुमचा पेपरवरचा आकार द्या. गिटारच्या आकाराची केस नाही होणार, सरळ लांबट पेटी होईल, दिसायला काही खास नाही, वजनदार पण होईल, पण आतला फोम सोफा-सीटवाल्याकडून हवा तसा कापून घेता येतो आणि तिथेच सगळा खेळ आहे. सीटवाल्याला कडक दाबलेला फोम मागा, गादीचा मऊ नको, तो महिन्यात बसतो. आतून सुती मखमल लावा, रेक्झिन नको. जुन्या गिटारींना नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश असतं, त्याला रेक्झिन, रबर असल्या गोष्टी चिकटतात, पॉलिश चिपचिप होतं आणि डाग पडतो. चिकटवायला वापरलेल्या सोल्युशनचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवायची, दोन आठवडे तरी, मग गिटार आत.

अमळनेरच्या पोराने शेवटी हाच रस्ता धरला. सुताराने पेटी केली, सीटवाल्याने फोम कापला, मग एका रविवारी गिटार घेऊन मी तिकडे गेलो आणि त्याच्या आईकडे कणीक मागितली. पहिल्या वेळी ब्रिजवरचा गोळा छान राहिला, डोक्याखालचा पापड झाला. मानेचा ठोकळा बॉडीकडे दोन बोटं जास्त सरकलेला होता. तो काढून नटजवळ लावला, डोक्याखालचा फोम अर्धा इंच अजून कापला, पुन्हा गोळे ठेवले, पुन्हा झाकण, पुन्हा कडी. ह्या वेळी दोन्ही गोळे बोटभर राहिले. कणीक तिने गाईला घातली.